अप-डाऊनचं गाव : डिक्सन, कॅलिफोर्निया

डेल्टावारा
मागच्या महिन्यात घरांच्या किमतींवरच्या धाग्यावर मी सहज लिहून गेले की आम्ही डिक्सनला राहतो. त्यावर विपूत (माझ्या विचारपूस पानावर) सात-आठ जणांनी विचारलं, हे नक्की आलं कुठे, तिथे आहे काय आणि एवढ्या लांबून अप-डाऊन जमतं कसं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते. घर घ्यावं की नाही, हे मात्र विचारू नका. ते सांगणार नाही. (दहा प्रतिसादांनंतर सांगेनच बहुतेक.)

सॅन फ्रान्सिस्कोहून इंटरस्टेट ८० धरून सॅक्रामेंटोकडे निघालात की व्हॅकाव्हिलनंतर डोंगर संपतात आणि ताटासारखी सपाट जमीन सुरू होते. थोडं पुढे रस्त्याच्या कडेला एक प्रचंड उंच, जुनाट पाटी दिसते. तिच्यावर चंद्रावरून उडी मारणारी गाय. तिथे 'मिल्क फार्म' नावाचं हॉटेल होतं. दहा सेंटमध्ये हवं तितकं दूध प्या, अशी त्यांची ख्याती. हॉटेल १९८६ मध्ये बंद पडलं, इमारतही गेली, गाय तेवढी चंद्रावर राहिली. ती दिसली की डिक्सन आलं.

२०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १८,९८८. एकोणीस हजाराला बारा कमी. आमच्या गल्लीत त्यानंतर जन्मलेली मुलं धरली तर ते बारा भरलेच असतील. सॅक्रामेंटो इथून साधारण २३ मैल, डेव्हिस नऊ, सॅन फ्रान्सिस्को सत्तरच्या आत. गावातून कुठल्याही दिशेला पाच मिनिटं गाडी चालवा, घरं संपतात. विरळ वगैरे होत नाहीत, संपतात. कुंपण, कुंपणाला लागून मातीचा रस्ता आणि पलीकडे टोमॅटो. किंवा लसूणघास, मका, सूर्यफूल, बदामाच्या बागा. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "अगं, मधली वस्ती कुठे गेली?" पुण्यात शहर संपून शेत सुरू होण्याच्या मधे दहा किलोमीटर गोडाऊनं, मंगल कार्यालयं आणि 'एनए प्लॉट विकणे आहे'चे बोर्ड असतात. इथे ती पायरीच नाही.

गावाच्या नावाची गंमत सांगते. आधी इथून जवळच सिल्व्हीव्हिल नावाची वस्ती होती, सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या लोकांच्या मुक्कामाची. १८६८ मध्ये रेल्वे आली ती काही मैल बाजूने. मग लोकांनी काय करावं? वस्ती रुळांकडे हलवली, काही इमारती अक्षरशः उचलून आणल्या. टॉमस डिक्सन नावाच्या शेतकऱ्याने दहा एकर जमीन रेल्वेला दिली, म्हणून गाव डिक्सनव्हिल. त्याच्या आडनावाचं स्पेलिंग लांबलचक होतं. १८७२ मध्ये रेल्वेने आलेल्या मालावर कुणीतरी ते सोपं करून, थेट 'एक्स' घालून लिहिलं, आणि तेच चिकटलं. गावाचं नाव ही पार्सल पाठवणाऱ्याची चूक आहे. आपल्याकडे नाव बदलायला मोर्चे निघतात, इथे एका हमालाच्या खडूने काम झालं. (हमाल आणि खडू माझ्या पदरचे.)

आता मुख्य दुखणं. रेल्वेमुळे जन्मलेल्या या गावात रेल्वे थांबत नाही. रूळ गावाच्या मधोमध जातात, त्यांवरून 'कॅपिटल कॉरिडॉर' नावाची ट्रेन रोज सॅक्रामेंटो ते बे एरिया (सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासची शहरं) ये-जा करते. गावाने २००६ मध्ये स्टेशनची टुमदार इमारतही बांधली, की स्टेशन दिसलं तर गाडी थांबेल. गाडी थांबली नाही. डेव्हिसला थांबते, पुढे २०१७ मध्ये उघडलेल्या फेअरफील्ड-व्हॅकाव्हिलला थांबते, मधल्या आम्हाला भोंगा वाजवून जाते.

माझा नवरा आठवड्यातून दोन दिवस ओकलंडला जातो. घरून गाडीने फेअरफील्ड-व्हॅकाव्हिल स्टेशन, तिथून ट्रेन. मागच्या जानेवारीत परत येताना त्याला डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा त्याचं स्टेशन गेलेलं, आणि खिडकीबाहेर आमचंच गाव, पाण्याची टाकी, आमच्या मुलीच्या डॉक्टरचा दवाखाना, फाटकाशी थांबलेल्या गाड्या. त्या गाड्यांत एक माझी होती. मी फाटक उघडायची वाट बघत होते आणि माझा नवरा समोरून साठ-सत्तरच्या वेगाने डेव्हिसला निघून गेला. मग त्याला आणायला डेव्हिस, त्याची गाडी आणायला व्हॅकाव्हिलच्या पुढे. त्या दिवशी आम्ही नऊला जेवलो.

विचारा काय विचारायचं ते.

मोगरा
मस्त लिहिलंय! फाटकाचा प्रसंग वाचून ऑफिसात एकटीच हसले. :) प्रश्न : शेतं एवढी जवळ तर वास येतो का? आणि किराणा कुठून आणता?

डेल्टावारा
मोगरा, वास येतो. खोटं कशाला बोलू? वारा कुठला आहे त्यावर. मार्च-एप्रिलमध्ये शेणखताचा, उन्हाळ्यात घास कापल्यावर गोडसर हिरवा (तो मला आवडतो), आणि ऑगस्टमध्ये टोमॅटोचा.

घर घेताना कागदांच्या चळतीत एक पान होतं. बाकी दीडशे पानांवर सह्या करताना एजंट भराभर पुढे सरकत होती, या पानावर थांबली. म्हणाली, हे वाचून सही करा. त्यात लिहिलं होतं की आजूबाजूला शेती चालते, धूळ, वास, फवारणी, रात्रीबेरात्री यंत्रांचा आवाज हे सगळं होणार आणि ते गैरसोयीचं वाटलं तरी रीतसर चाललेल्या शेतीविरुद्ध तुमची तक्रार चालणार नाही. 'शेती करण्याचा हक्क' म्हणतात त्याला. कॅलिफोर्नियात १९८१ पासून कायदाच आहे. शेत तिथे तीन वर्षांहून जास्त चाललेलं असेल तर नंतर येऊन शेजारी बसणाऱ्याने नाक मुरडायचं नाही. मला ते पान फार आवडलं. "आधी कोण आलं?" या प्रश्नाचं सरकारी उत्तर.

किराणा : डेव्हिस, फेअरफील्ड, नाहीतर ऑफिसवरून येताना सॅक्रामेंटो. कढीपत्ता कुंडीत. दोनदा थंडीने मेला, तिसरा टिकलाय.

कसारा फास्ट
लेख छान, पण दुसरी बाजू मांडतो. मी तिथे दोन वर्षं काढली आहेत आणि पळून आलो आहे.

आठवड्यातून दोनदा ट्रेनने जाणं आणि पाच दिवस गाडीने सॅन फ्रान्सिस्को गाठणं यांत फरक आहे. मी साडेचारला उठायचो. पाच वाजता ८० वर लागलं तरी फेअरफील्डपासून पुढे लाल दिवेच दिवे. जाताना बे ब्रिजचा टोल, येताना कार्किनेझ पुलाचा. दोन्ही पुलांचा टोल एकेकाच दिशेने घेतात आणि माझ्या नशिबाने त्या दोन दिशा बरोब्बर माझ्या वाट्याच्या. पुढे एल सेरिटोला गाडी लावून बार्ट (तिकडची लोकल) धरायला लागलो, तर सातनंतर पार्किंगला जागा नाही. बस आहे म्हणाल तर आहे, 'सोलानो एक्सप्रेस'ची ब्लू लाइन डिक्सनहून बार्टपर्यंत नेते. पण तीही रस्त्यावरच, तसल्याच लाल दिव्यांत.

आणि टूली धुकं विसरलात का, डेल्टावारा? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस पडून गेला, रात्री आकाश निरभ्र, वारा नाही, की ओल्या जमिनीवर दुलई पसरते. एकदा मी गावाबाहेरच्या शेतरस्त्यावर खिडकी उघडून, कानाने ऐकत चौक ओलांडलाय. घाटात धुकं असतं तेव्हा निदान वळण संपेल ही आशा असते. इथे रस्ता सरळ, त्यामुळे समोरचाही सुसाट.

लहानपणी वडील कसाऱ्याहून व्हीटीला अप-डाऊन करायचे. त्यांच्याबरोबर डब्यात भजनी मंडळ होतं, पत्ते होते, कुणाची मुलगी दहावीला पहिली आली तर पेढे होते. मी एकटाच स्टिअरिंग धरून बसलो होतो दोन-दोन तास. 'अप-डाऊनचं गाव' हे शीर्षक वाचून म्हणून जरा दुखलं.

रिकामटेकडा
कसारा फास्ट, आयडीतच 'फास्ट' आहे तुमच्या. डिक्सनला थांबणारच नव्हतात.

डेल्टावारा
रिकामटेकडा, :)) कसारा फास्ट, तुमचा एकही मुद्दा खोडता येत नाही. पाच दिवसांचं अप-डाऊन असतं तर आम्हीही पळालो असतो. आमचं जमतं ते मी सॅक्रामेंटोच्या बाजूची आहे म्हणून. गावात पहाटे बघितलं तर निम्मे दिवे पूर्वेला जातात, निम्मे पश्चिमेला. नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे नोकरीला, मधोमध घर, अशी आमच्यासारखी जोडपी इथे पुष्कळ. नकाशावर दोघांच्या ऑफिसांमध्ये दोरी ताणून मधे टाचणी टोचायची, ती इथे टोचते.

धुक्याचं खरं आहे. धुक्याच्या दिवशी मी घरून काम करते, साहेब काही म्हणोत.

जालन्याचा
सूर्यफुलाचं नुसतं नाव घेऊन पुढे गेलात, म्हणून लिहितो. मी वुडलँडला बियाण्यांच्या कंपनीत आहे, जून-जुलैत डिक्सनच्या आसपासच्या शेतांतच असतो.

ती सूर्यफुलं तेलासाठी नाहीत आणि फोटोसाठी तर नाहीतच. ते बीजोत्पादनाचे प्लॉट आहेत, आपल्या जालना-देऊळगावराजाकडे असतात तसेच. नीट बघितलंत तर शेत एकसारखं दिसणार नाही. काही ओळी मादीच्या, मग काही नराच्या, पुन्हा मादीच्या. नर बुटका किंवा बहुफांदी, चटकन ओळखू येतो. बांधावर मधमाश्यांच्या पेट्या. परागीभवन झालं की नर ओळी मोडून टाकतात, नाहीतर काढणीत दोघांचं बी मिसळलं की माल गेला. एका प्लॉटपासून दुसरा किती लांब हवा (यालाच 'आयसोलेशन' म्हणतात) याचेही नियम, त्यामुळे कुणाचं शेत कुठे हे लावणीच्या आधीच नकाशावर ठरतं. इथलं बी जगभर जातं.

आणि लोक काय करतात? बे एरियातून दीड तास गाडी हाणून येतात, कडेला लावतात, पांढरे कपडे घालून थेट मादी ओळीत शिरतात. गेल्या वर्षी एका नवरा-नवरीला मी हात जोडून बाहेर काढलं. मराठी निघाले. म्हणाले, "काका, फक्त दोन फोटो." मी म्हटलं, "बांधावरून काढा. आत सापही आहेत." साप नव्हते. पण चटकन बाहेर आले.

लहानपणी जालन्यात आमच्या मळ्यावर हायब्रिड कपाशीचा प्लॉट असायचा. आई आणि गावातल्या बाया संध्याकाळी बसून एकेका कळीचा नर काढायच्या, सकाळी हाताने पराग लावायच्या. नखं पिवळी. इथे तेच काम मधमाशी करते आणि यंत्र मोडणी करतं. पण शेतात उभं राहिलं की 'आयसोलेशन' हा शब्द मला आजही बापाच्या तोंडून ऐकू येतो. तो शाळेत चौथीपर्यंत होता, हा शब्द मात्र अस्सल बोलायचा.

मोगरा
जालन्याचा, _/\_ आम्हीही आत शिरलो होतो दोन वर्षांपूर्वी. माफ करा. खरंच माहीत नव्हतं.

निवृत्त पाटकरी
मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मुलगा व्हॅकाव्हिलला, त्यामुळे वर्षाआड तिकडे असतो. या सर्व हिरवाईच्या मागे पाणी आहे, आणि त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.

पुटा क्रीक नावाच्या नदीवर १९५७ मध्ये मॉन्टिसेलो धरण झालं. कमानी धरण, ३०४ फूट उंच. मागचा जलाशय म्हणजे लेक बेरिएसा. खाली मॉन्टिसेलो नावाचं गाव आणि सुपीक खोरं बुडालं. तिथल्या थडग्यांसुद्धा सगळं आधी हलवलं होतं म्हणतात. आमच्याकडे कोयनेत देवळं हलवली, काही तशीच राहिली, त्याची आठवण झाली. जलाशय भरून वाहू लागला की पाणी एका प्रचंड गोल नरसाळ्यातून खाली जातं. ते बघायला मुलाने मुद्दाम नेलं होतं. बघत राहावं असं आहे, पण पोटात गोळा येतो.

धरणाच्या खालच्या छोट्या बंधाऱ्यापासून निघणारा पुटा साउथ कॅनॉल ३३ मैल जातो आणि सोलानो कौंटीची (डिक्सन ज्या जिल्ह्यात येतं त्याची) शेतं व शहरं भिजवतो. मी सकाळी त्याच्या काठाने फिरायला जायचो. काँक्रीटचं अस्तर, कडेला जाळी. पाट म्हणायला जीभ धजत नाही. तिथल्या पाटकऱ्याशी एकदा बोललो. शेतकरी आधी पाणी मागतो, हा दार उघडतो, मोजतो, नोंदवतो. मी विचारलं, शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचतं का? त्याला प्रश्नच कळला नाही. आयुष्यभर मी ज्या प्रश्नाची उत्तरं देत आलो, तो त्याला कळला नाही.

डेल्टावारा यांना एक विचारायचं आहे. आमच्या निफाडला कॅनॉलखालची द्राक्षाची जमीनसुद्धा हायवेजवळ असली की प्लॉट पडतात. तिथे दोन महानगरांच्या मधोमध हायवेला लागून जमीन आहे. ती एनए कशी होत नाही? शेतकऱ्याला मोह होत नाही का?

डेल्टावारा
काका, नेमका प्रश्न. मोह होतोच. दोऱ्या बऱ्याच बांधल्यात म्हणून होत नाही.

पहिली दोरी १९६५ चा विल्यमसन कायदा. शेतकरी सरकारशी दहा वर्षांचा करार करतो की जमीन शेतीतच ठेवीन, बदल्यात कर बाजारभावावर न लागता शेतीच्या उत्पन्नाच्या हिशेबाने लागतो. करार दर वर्षी आपोआप एकेक वर्षाने पुढे सरकतो, म्हणजे कधीही बघा, दहा वर्षं शिल्लकच.

दुसरी दोरी जास्त घट्ट. १९८४ मध्ये सोलानो कौंटीच्या मतदारांनी ठरवलं की घरं, मॉल, कारखाने हे शहरांच्या हद्दीत व्हावेत, बाहेरची शेतजमीन लोकांना विचारल्याशिवाय बदलायची नाही. २००८ मध्ये पुन्हा मतदान घेऊन ते २०२८ पर्यंत वाढवलं. म्हणजे तुमच्याकडे तलाठी-तहसीलदाराकडे जो अर्ज जातो, तो इथे थेट मतपेटीत जातो. शिवाय व्हॅकाव्हिल आणि डिक्सन, डिक्सन आणि डेव्हिस यांच्यामधला पट्टा मोकळा राहावा म्हणून शहरांनी आपसात मिळून जमिनी राखल्यात. 'मधली वस्ती कुठे गेली' त्याचं उत्तर हे.

२०१७-१८ पासून एक कंपनी रिओ व्हिस्टाकडच्या बाजूला, आमच्या दक्षिणेला, गुपचूप जमिनी घेत होती. ५०,००० एकरांहून जास्त. मागे कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. जवळच ट्रॅव्हिसचा हवाई दलाचा तळ, त्यामुळे परकी हात आहे की काय इथपर्यंत चर्चा. ऑगस्ट २०२३ मध्ये कळलं की मागे सिलिकॉन व्हॅलीतले धनाढ्य आहेत, आणि त्यांना अख्खं नवं शहर वसवायचंय. 'कॅलिफोर्निया फॉरएव्हर'. त्याच वर्षी त्यांच्या कंपनीने काही जमीनदारांवर किंमत संगनमताने वाढवली म्हणून ५१ कोटी डॉलरचा दावाही लावला होता. शेतकऱ्याने चढा भाव मागितला म्हणून दावा! आमच्याकडे दूध घालणाऱ्या बाई इतक्या चिडल्या होत्या की बोलता सोय नाही. १९८४ च्या त्या दोरीमुळे त्यांना मतदाराकडे यावंच लागलं, आणि जुलै २०२४ मध्ये त्यांनी प्रस्ताव मतदानाआधी मागे घेतला. खेळ संपलाय असं मी म्हणत नाही. २०२८ काही लांब नाही.

खुद्द डिक्सनमध्येही २००७ मध्ये घोड्यांच्या शर्यतींचं भव्य मैदान येणार होतं. लोकांनी मत देऊन पाडलं. तेव्हा आम्ही इथे नव्हतो, पण सलूनमध्ये अजून त्यावर भांडणं होतात.

सावली
सगळे इतकं गोड लिहिताहेत की मिठाचा खडा टाकल्याशिवाय राहवत नाही.

ही हिरवाई राखली, ठीक. पण ती कोण कापतं? डिक्सनच्या बाहेर रेडिओ स्टेशन रोडवर हंगामी शेतमजुरांची सरकारी वसाहत आहे. डेल्टावारा, तुमच्या एवढ्या मोठ्या लेखात तिचं नाव नाही. वसंतात उघडते, हंगाम संपला की बंद. थंडीत तिथे राहता येत नाही. वर कित्येक वर्षं असा नियम होता की पुढच्या वर्षी जागा हवी तर मधले काही महिने ५० मैलांच्या बाहेर काढलेले दाखवा. म्हणजे शाळा अर्धी सोडून पोरं आईबापांबरोबर मेक्सिकोला किंवा आणखी कुठे. वसंतात परत, वर्गात मागे. मुलांसाठी लोक भांडले, तेव्हा २०१८ मध्ये शाळकरी मुलं असलेल्या काही कुटुंबांना सूट मिळाली.

मी बीडची आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलं दिवाळीनंतर वर्गातून गायब व्हायची, एप्रिलमध्ये उन्हाने काळी होऊन परत यायची. माझ्या बाकावरची मैत्रीण अशीच सातवीत गेली ती परत आलीच नाही. त्यामुळे हे वाचून मला 'मधली वस्ती कुठे गेली' या प्रश्नाचं दुसरं उत्तर दिसलं. घरं मोजून बांधायची, म्हणजे भाव चढे, म्हणजे टोमॅटोच्या पट्ट्यावर उभा राहणारा माणूस त्याच गावात घर घेऊ शकत नाही. तो आणखी लांबून अप-डाऊन करतो. त्याच्यासाठी कुणी धागा काढत नाही.

कसारा फास्ट
सावली +१. पहाटे साडेचारला गावात माझ्याशिवाय दिवे लागलेली गाडी असायची ती मजुरांची व्हॅन. आम्ही उलट दिशेने जायचो.

डेल्टावारा
सावली, लागलं, पण बरोबर आहे. ती वसाहत मला माहीत आहे आणि तरी लिहिली नाही. मुलीच्या वर्गात दर वर्षी एक-दोन खुर्च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रिकाम्या होतात. बाई फळ्यावरच्या वाढदिवसांच्या यादीतून नाव पुसत नाहीत, ते मला चांगलं वाटायचं. तुमचं वाचल्यावर तेवढ्यावर भागत नाही असं वाटलं.

एवढंच सांगते की टोमॅटोची तोडणी आता मजुराच्या हाताने होत नाही. डेव्हिसच्या विद्यापीठात हॅना आणि लॉरेन्झन या दोघांनी यंत्र आणि यंत्राला सोसेल असा टणक टोमॅटो जोडीने तयार केला. १९६४ अखेर मेक्सिकन मजुरांना आणण्याची सरकारी योजना बंद झाल्यावर काही वर्षांत कारखान्यात डबाबंद होणाऱ्या टोमॅटोचं जवळपास सगळं पीक यंत्रावर गेलं. पण यंत्रावर बसून माती-ढेकळं निवडायला माणसं लागतातच. रात्रीच्या पाळीला शेतात दिव्यांचा झोत दिसतो, त्यात चेहरे बांधलेल्या बायका. लांबून बघितलं तर पालखीतल्या बत्त्यांसारखं दिसतं. जवळून बघितलं तर नाही.

मोगरा
वातावरण गंभीर झालं. ऑगस्टमधल्या टोमॅटोच्या वासाचं अर्धवट सोडलंत.

डेल्टावारा
हो, ते राहिलं. डिक्सनमध्ये कॅम्पबेलचा टोमॅटोचा कारखाना आहे. जुलैपासून रोज ट्रक, प्रत्येकाला दोन उघडी टाकी जोडलेली, काठोकाठ टोमॅटो, एका खेपेला पंचवीसेक टन. फ्रीवेच्या वळणावर ट्रक कलला की वरचे शे-पन्नास सांडतात. सप्टेंबरपर्यंत वळणाच्या बाहेरच्या कडेला लाल पट्टा तयार होतो. तो उन्हात शिजतो. १०५ डिग्री फॅरनहाइटमध्ये, दुपारी तीनला, खिडकी खाली करा : गरम डांबर आणि सार. फोडणीच तेवढी राहिलेली असते. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटतो (माझा आयडी), तासाभरात वीस डिग्री उतरतात, मग वासही जातो.

ते टोमॅटो उचलून आणून मी एकदा कोशिंबीर केली होती. करू नका. साल टायरचं.

निवृत्त पाटकरी
नारायणगावच्या बाजारात भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओततात. तिथे नुसते सांडतात, हे वाचून बरं वाटलं.

शुभा फ्रीमाँट
मीच ती विपूत विचारणारी. आम्ही खरंच घर बघतोय. मुलगी आठ वर्षांची. तिला काय मिळेल तिथे? आणि घर नवं घ्यावं का जुनं?

डेल्टावारा
शुभा, सांगणार नाही म्हटलं होतं, तरी : नव्या वसाहतीत घेतलंत तर मेलो-रूस (रस्ते-शाळांसाठीचा जादा कर) किती आणि किती वर्षं ते आधी लेखी घ्या. आम्हाला एका बिल्डरच्या माणसाने तोंडी जो आकडा सांगितला, बिलात त्याच्या दीडपट आला. पाणी विहिरींचं आणि जड आहे, नळाच्या तोटीवर पांढरे थर बसतात. गावात फिरायला शहराची 'रेडी-राईड' आहे, फोन केला की घरी येते, सासूबाईंना तिचा फार आधार होता.

मुलीला काय मिळेल? मे फेअर मिळेल. १८७६ पासून भरणारी जत्रा आहे, मदर्स डेच्या आठवड्यात. पाळणे, बटाटे, गाणी, ते सगळीकडेच असतं. पण मुलांनी वर्षभर पाळलेल्या जनावरांचा लिलाव तिथे होतो. आमच्या शेजारच्या मुलाने, बारा वर्षांचा, एक कोकरू वाढवलं होतं. आमची लेक रोज संध्याकाळी त्याला घास घालायला जायची. लिलावाच्या दिवशी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कोकराची हनुवटी धरून उभा, समोरचा माणूस सपासप आकडे बोलतोय, हातोडा पडला, टाळ्या. पैसे त्याच्या कॉलेजच्या खात्यात. बाहेर आल्यावर तो मंडपाच्या मागे कोकराच्या मानेत तोंड खुपसून रडला. त्याच्या आजोबांनी थांबवलं नाही, शेजारी उभे राहिले टोपी हातात घेऊन. आमच्या लेकीने घरी येऊन विचारलं, "आता ते कुठे जाईल?" मी सांगितलं. गावातच मोठा कत्तलखाना आहे, ऑक्टोबरात 'लॅम्बटाउन' नावाचा उत्सव होतो, लपवणार काय? तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी विचारलं, पुढच्या वर्षी मला ससा पाळू द्याल का, पण विकायचा नाही. आहे अजून. कढीपत्ता त्यानेच दोनदा खाल्ला असावा, थंडीचं मी उगाच नाव घेतलं.

रिकामटेकडा
सशाचं नाव काय?

डेल्टावारा
डब्बा. कारण गाडीला डबे असतात आणि आमच्याकडे थांबतो तो हाच एक.

शुभा फ्रीमाँट
काल आलो होतो. घर बघायला नाही, आधी गाव बघायला. तुमचं वाचून मुद्दाम ट्रेनने निघालो, डेव्हिसला उतरलो आणि मैत्रिणीच्या गाडीतून परत डिक्सनला आलो. जाताना मुलीला खिडकीशी बसवलं होतं, स्टेशन दिसलं की मोजायचं सांगून. आधी शेतं, मग एकदम घरांची पाठ, परसातले झोपाळे, भोंगा, फाटक, स्टेशनची इमारत, तिच्यासमोर रिकामा बाक, पुन्हा घरांची पाठ, टोमॅटो. तिने सातपर्यंत मोजलं. मग म्हणाली, आई, बाकावर एक आजोबा बसले होते, त्यांनी गाडीला हात केला.